निळीने दाखवलेली चूक

जर्मनीतील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी सहायक असताना आमच्याकडे ‘ग्लॉसोफॅगा सोरिसिना’ या मध्य व दक्षिण अमेरिकेतील मकरंदभक्षी वटवाघळांची एक वसाहत होती. जेमतेम १० ग्रॅम वजनाचा हा जीव फुलासमोर क्षणभर हवेत थबकून लांब जिभेने मकरंद टिपतो आणि अंधारात फुलाचा आकार आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून ताडतो. माझ्याकडे एका मादीची शिकवणी होती. तिच्या बाहूवरच्या खुणेमुळे आम्ही तिला ‘निळी’ म्हणत असू.

भिंतीवर दोन नळ्या होत्या. एकीभोवती लहान करवंटीसारखा पोकळ अर्धगोल आणि दुसरीभोवती तेवढ्याच रुंदीची सपाट चकती. साखरपाण्याचा थेंब मिळे तो फक्त अर्धगोलाशी. जागेवरून उत्तर कळू नये म्हणून तिच्या प्रत्येक फेरीनंतर मी आकारांची अदलाबदल करीत असे. आठवड्याभरात निळी क्वचितच चुकू लागली आणि मी मनातल्या मनात निबंध लिहायला घेतला.

एके दिवशी अर्धगोलाची पकड सैल झाली. दुरुस्तीत एक अदलाबदल राहून गेली, तर निळी थेट चकतीकडे गेली. थेंब नाही, तरी पुढच्या फेरीत ती निमूटपणे पलीकडे वळली. शंका येऊन मी दोन्ही आकार काढून टाकले. नुसत्या नळ्या उरल्या. अवरक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी पाहत होतो: निळी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, अगदी शिस्तीने! तिने आकार शिकलाच नव्हता. माझी अदलाबदल तेवढी शिकली होती.

यात तिचे काय चुकले? नुकत्याच रिकाम्या केलेल्या फुलाकडे लगेच परत जाण्यात अर्थ नसतो, म्हणून ही वटवाघळे जागा पक्की लक्षात ठेवतात आणि पुढच्या फुलाकडे जातात. मी नकळत तिच्या या मूळ सवयीलाच बक्षीस देत होतो.

आकार त्यांना कळत नाही असे मात्र नाही. कोस्टारिकातील ‘म्युकुना होल्टोनाय’ ही आपल्या खाजकुयलीच्याच प्रजातीतली वेल आहे. तिचे फूल तयार झाले की वरची पाकळी उभी राहते आणि तिची खोलगट बाजू आवाज आरशासारखा वटवाघळाकडे परतवते. ही पाकळी कापून टाकली किंवा तिच्या खोलगट भागात कापूस भरला, तर भेटी बऱ्याच घटतात, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. सपाट पृष्ठभागावरून आवाज एकाच दिशेने जोरात परततो आणि वटवाघूळ जरा बाजूला सरकले की विरतो. पोकळ अर्धगोलाचा प्रतिध्वनी मात्र अनेक कोनांतून ठळक राहतो.

आधीची सगळी नोंद बाद करून मी डाव्या-उजव्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवू लागलो. पहिले काही दिवस निळीची कामगिरी नाणेफेकीहून बरी नव्हती. मग तिचे थबकणे बदलले: एका आकारासमोर तरंगायचे, जीभ न काढता दुसऱ्याकडे सरकायचे, तेथेही तरंगायचे आणि मगच निवड करायची. महिन्याभराने मी तिने कधी न पाहिलेला, बराच मोठा अर्धगोल लावला. चिठ्ठीत डावी बाजू निघाली होती. ती आधी उजवीकडे चकतीसमोर थांबली, मागे फिरली, मोठ्या वाटीसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ तरंगली आणि जीभ बाहेर आली.