व्हिजनेर सायफर खरं तर बेलासोचा

व्हिजनेर सायफर म्हणजे मजकूर गुप्त करून लिहायची एक जुनी पद्धत. तिचं नाव कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी ऐकलेलं असतंच, पण ज्या माणसाचं ते डोकं त्याचं नाव कोणी घेत नाही आणि ते माझ्या मनाला फार लागतं. इटलीतल्या ब्रेशाचा जोव्हान बत्तिस्ता बेलासो. त्याने 1553 मध्ये छोटं पुस्तक छापलं आणि त्यात कल्पना दिली की संदेश पाठवणारा आणि घेणारा या दोघांनी एक शब्द ठरवून ठेवायचा, तीच किल्ली.

तोपर्यंत इटलीच्या अल्बर्टीची अक्षरं बदलायची फिरती चकती होती, जर्मन मठाधिपती ट्रिथेमियसचा अक्षरांचा चौकोनी तक्ताही 1518 ला छापून आला होता, पण त्या तक्त्यात अक्षरं ठरलेल्या क्रमानेच सरकत जायची, म्हणजे पद्धत कळली की संपलं. किल्ली आली आणि पद्धत जगाला माहीत असली तरी चालेल असं झालं! मला तर खरी उडी हीच वाटते.

आज शिकवतात त्या रूपात बघा. इंग्रजीत मामा लिहा, एम ए एम ए. किल्ली चहा, म्हणजे सी एच ए. सी म्हणजे दोन घरं पुढे, एच म्हणजे सात, ए म्हणजे शून्य, मग पुन्हा सी. उत्तर येतं ओ एच एम सी. दोन्ही एम वेगळे झाले, दोन्ही ए पण वेगळे, त्यामुळे कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मोजून कोडं फोडणारे तिथेच अडकतात.

फ्रान्सच्या ब्लेझ द व्हिजनेरचं पुस्तक आलं 1586 ला, आणि त्याची स्वतःची पद्धत तर याहून भारी होती, त्यात संदेशच पुढे किल्ली बनतो. ती बाजूला राहिली आणि 19व्या शतकात लोकांनी बेलासोची ही साधी पद्धत त्याच्या नावावर टाकली, म्हणजे अन्याय दोघांवरही झाला असं मला वाटतं.

हा सायफर कधीच फुटणार नाही असं लोक म्हणायचे. इंग्लंडचा गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने 1850च्या दशकात फोडला पण छापलं काही नाही, फोडायची पद्धत छापली ती प्रशियन अधिकारी कासिस्कीने, 1863 मध्ये. लांब गुप्त मजकुरात तेच तुकडे परत येतात, त्यांच्यातली अंतरं मोजायची, त्या अंतरांना ज्या आकड्याने भाग जातो तो बहुतेक किल्लीच्या लांबीचा असतो.

आणि बेलासोने पुढच्या पुस्तकांत वाचकांना सोडवायला गुप्त मजकूर दिले होते ना, त्यातले काही सुटले थेट एकविसाव्या शतकात.