पायपुसण्यावरचा ब्रुनो

“ताई, तो बसतच नाहीये. काल दुपारपासून उभा आहे.”

सकाळी साडेनऊला फोन आला तेव्हा पलीकडच्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. ब्रुनो त्यांचा ग्रेट डेन जातीचा कुत्रा. साडेपाच वर्षांचा, 62 किलोचा. आदल्या दिवशीच त्यांचं बिऱ्हाड हललं होतं. अंगणाचं बैठं घर सोडून ते चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आले होते.

मी कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करते. तरी मोठा कुत्रा बसत नाही म्हटलं, की वागणूक बाजूला ठेवून आधी पोटाची चौकशी करते. खोल छातीच्या जातींमध्ये पोट वायूने फुगून त्याला पीळ पडू शकतो, आणि ग्रेट डेनला हा धोका फार मोठा असतो. असा कुत्रा अस्वस्थ होतो, एका जागी टेकत नाही, ओकारी काढतो पण बाहेर काही पडत नाही. काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून मी पहिलं विचारलं, “पोट फुगलंय का? कोरड्या ओकाऱ्या येतायत?” नाही, म्हणाल्या. सकाळीच डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. पोट ठीक, ताप नाही, सांधे वयाच्या मानाने उत्तम. मूत्राशय मात्र तुडुंब भरलेलं. डॉक्टर म्हणाले होते, नव्या घराचा ताण आहे, वागणुकीचं बघणाऱ्या कुणाला तरी बोलवा.

फोन ठेवताना त्या हळूच म्हणाल्या, “हे म्हणतायत, एवढ्याशा घरात त्याला कोंडणं पाप आहे. ओळखीच्यांची शेती आहे. संध्याकाळी गाडी येणार आहे त्याला न्यायला.”

मी अकराला पोचले. दार उघडलं आणि समोरच ब्रुनो. दाराच्या आत काथ्याचं एक पायपुसणं होतं, साधारण 60 बाय 40 सेंटीमीटरचं. त्यावर चारही पाय कसेबसे जुळवून तो उभा होता. पाठीला बाक आलेला, शेपूट पोटाशी, कान मागे. शेजारी चपलांचा रॅक होता, त्यावर हनुवटी टेकवलेली. डोळे मिटायचे, गुडघे लुळे पडायला लागायचे, की दचकून तो परत ताठ व्हायचा. रात्रभर हेच चालू होतं. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपून काढतो, आणि हा जवळजवळ एक पूर्ण दिवस उभा होता. इतक्या वर्षांत मी दाराला ओरबाडणारे, रडणारे, घर फोडणारे कुत्रे पाहिले आहेत, पण असा दमून चूर झालेला आणि तरी न बसणारा कुत्रा मी पहिल्यांदाच पाहत होते.

“परत जायचंय त्याला,” साहेब म्हणाले. “दार सोडत नाही. बाहेर नेलं की निघतो, आत आणलं की तिथेच थांबतो.” बोलताना त्यांनी ब्रुनोकडे पाहायचं टाळलं. तो त्यांचा जीव की प्राण होता, हे न सांगता कळत होतं.

मलाही तेच वाटलं. दाराशी उभा राहिलेला कुत्रा, जुनं घर सुटलेलं, जुनी गादी वास मारते म्हणून टाकून दिलेली, तिच्या जागी नवी कोरी गादी आणलेली. घर बदलताना ही चूक फार घरांतून होते. आपण नव्या घरात नव्या वस्तू आणतो आणि ज्या एका वस्तूला कुत्र्याचा स्वतःचा वास असतो, तीच नेमकी फेकतो. नव्या गादीला त्याने तोंडही लावलं नव्हतं. ती आतल्या खोलीत खिडकीखाली होती.

आधी मूत्राशय. तीनदा खाली नेऊनही तो मोकळा झाला नव्हता. लहानपणापासून ज्या जमिनीची सवय, तिथेच कुत्र्याला सुचतं. हा जन्मभर मातीवर गेलेला, आणि खाली सगळीकडे सिमेंट. मी विचारलं, जुन्या अंगणातलं काही आणलंय का? बाल्कनीत चार कुंड्या होत्या. एका कुंडीतली माती घमेल्यात काढली, खाली नेली आणि आवाराच्या कडेला पसरली. ब्रुनो बाहेरच्या मार्गिकेतून आणि जिन्यावरून बऱ्यापैकी नीट उतरला. मातीजवळ आला, नाक खुपसलं आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. मग पाय वर केला. साहेब दुसरीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

या यशाने माझी फसगत केली. जुन्या वासाने काम झालं, म्हणजे दुखणं जुन्या घराच्या ओढीचंच, असं मी ठरवून टाकलं. वर आलो. ब्रुनो पायपुसण्यावर थांबला. मी पडदे ओढले, लिफ्टच्या दाराचा आवाज कमी यावा म्हणून पंखा मोठा केला, सगळ्यांना लांब बसवलं. घरातल्या आजींची वापरातली शाल मागून घेतली आणि त्याच्यापुढे दोन पावलांवर पसरली. तो मान लांब करून शाल हुंगत राहिला. शेपूट जरा सैल झाली. एक पंजा उचलून त्याने शालीवर ठेवला, शाल पंजासकट सर्रकन पुढे गेली, आणि तो अंग चोरून मागे आला. थरथरत होता. मी मनात नोंद केली, ‘नव्या जागेची भीती’. पंजा घसरला हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मला ते दिसलं नाही.

असा दीड तास गेला. आजी भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे निघाल्या. पायांत रबरी चपला होत्या. सूनबाई म्हणाल्या, “आई, घरात चपला कशाला?” आजी म्हणाल्या, “अगं, काल दोनदा पाय सटकला. आपल्या घरी कशी खरखरीत फरशी होती! ही नुसती काच आहे.”

मी खाली बसले आणि फरशीवर तळहात फिरवला. पांढऱ्या, चकाकत्या, मोठ्या टाइल्स. सामान यायच्या आधी पुसून लख्ख केलेल्या. मग ब्रुनोचा पंजा उचलून पाहिला. नखं वाढलेली, आणि पंजाखालच्या मऊ गाद्यांच्या मधले केस इतके लांब की फरशीला गादी लागण्याआधी केस लागत होते. कुत्र्याची पकड पंजाच्या गाद्यांवर असते. घाबरला की तो नखं रोवायला बघतो. मातीत नखं रुततात. टाइलवर नख रुतत नाही, उलट गादी उचलली जाते आणि असेल ती पकडही सुटते. मग तो आणखी घाबरतो, आणखी नखं काढतो.

मी विचारलं, “काल पहिल्यांदा आत आला तेव्हा काय झालं?”

“धावत आला,” बाई म्हणाल्या, “सगळं हुंगलं, आतल्या खोलीत गादीपाशी गेला...” आणि थांबल्या. “तिथे पडला होता तो. चारी पाय चार दिशांना. आम्ही हसलो होतो हो.”

62 किलोच्या कुत्र्याला जमिनीवर बसणं ही साधी गोष्ट नसते. बसताना पुढचे पाय सरकवत कोपरं खाली न्यावी लागतात. फरशीने साथ सोडली की शेवटचा हातभर तो कोसळतोच. उठणं त्याहून अवघड. गाय मागून उठते, कुत्रा पुढून. पुढचे पाय ताठ करतो आणि मग सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभा राहतो. मागचे पाय फाकले की तो अडकला. इतका मोठा प्राणी जमिनीवर अडकला, की त्याला स्वतःचंच अंग परकं होतं. ब्रुनोला दार हवं नव्हतंच. त्या अख्ख्या घरात जिथे पाय ठरत होता अशी एकच जागा होती, ती पायपुसण्याची. आणि तिथे आडवं व्हायला जागा नव्हती.

न्हाणीघरासमोरचं रबरी तळाचं पायपुसणं मी उचलून आणलं आणि त्याच्या पुढच्या पायांशी ठेवलं. तो लगेच त्यावर आला. कुणी बोलावलं नव्हतं, हातात खाऊ नव्हता. मी साहेबांकडे पाहिलं. ते काही न बोलता खाली गेले आणि गाडीतल्या चारही रबरी चटया घेऊन आले. बाईंनी योगाच्या दोन मॅट काढल्या. समोरच्या बिऱ्हाडातून आणखी एक आली. सतरंजी मी बाजूला ठेवायला लावली, कारण खाली रबरी जाळी नसेल तर टाइलवर तीही शालीसारखीच पळते. दारापासून खिडकीपर्यंत एकाला एक लावत रस्ता तयार झाला, सांधे चिकटपट्टीने बसवले, आणि खिडकीखाली सगळ्यात रुंद जागा केली. नवी गादी उचलून ठेवली. तिथे मॅटवर आजींची शाल दुहेरी करून कडेला खोचली.

ब्रुनो चालत आला. प्रत्येक चटईच्या सांध्यावर थांबून, पुढचा पंजा दाबून बघून मगच पुढे. दहा-बारा फुटांना किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. खिडकीशी पोचल्यावर तो स्वतःभोवती एकदा फिरला, परत फिरला. पुढचे पाय सरकवले. पाय जागेवर राहिले. कोपरं टेकली, मग मागचा भाग एका अंगावर आला आणि त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की स्वयंपाकघरात ऐकू गेला. दोन मिनिटांत घोरायला लागला. आम्ही चौघंही जिथल्या तिथे उभे होतो, हलायची कुणाची छाती होईना. साहेबांनी फोन घेतला, जिन्यात गेले आणि शेतीवाल्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

तो सहा तास झोपला. तेवढ्यात मी टेप काढून घर मोजलं. हे मी एरवी आल्याआल्या करते, त्या दिवशी राहून गेलं होतं. दोन खोल्यांमधला बोळ 92 सेंटीमीटर रुंद, आणि ब्रुनो नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत 118. मध्ये थांबला तर त्याला सरळ वळता येणार नाही, हे उघड होतं. म्हणून त्याला उलटं चालायला शिकवायचं ठरलं, ‘मागे’ म्हटलं की एकेक पाऊल मागे. बाहेरून कुणी आलं तर स्वागत बोळात नको, मोठ्या खोलीत. डेनची शेपूट चाबकासारखी असते. अरुंद जागेत आनंदाने भिंतीवर आपटून टोक फुटतं, आणि पुन्हा पुन्हा आपटत राहिल्याने ती जखम भरता भरत नाही. पंजातले केस मी तिथेच बोथट टोकाच्या कात्रीने कापले. नखं दर दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी, घाई न करता.

साहेबांच्या मनातली पापाची टोचणी मात्र चटयांनी जाणार नव्हती. “पण एवढं अंगण होतं त्याला,” ते परत म्हणाले. मी विचारलं, अंगणात तो करायचा काय? त्यांनी विचार केला. सकाळी कुंपणाला एक फेरी, संध्याकाळी एक, बाकी ओट्यावर झोप. मग मी मला खरं वाटतं ते सांगितलं. मोठ्या अंगाच्या सगळ्याच कुत्र्यांना मोठं घर लागत नाही. मेंढ्या राखणारा कुत्रा असता तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते, त्याला काम लागतं, पळणं लागतं. पण डेन घरात शांत असतो. याला आडवं व्हायला पाय ठरेल अशी जागा हवी, आणि ज्या दोन फेऱ्या गेल्या त्यांच्या बदल्यात तीन हव्यात. त्या फेऱ्यांत भरभर ओढत न्यायचं नाही. पट्टा सैल सोडायचा आणि त्याला पोटभर हुंगू द्यायचं. जेवणाच्या आगेमागे मात्र धावपळ नको. पहिले काही दिवस कुंडीतली मूठभर माती खाली न्यायची, रोज थोडी कमी. गळपट्ट्यावरचा पत्ता बदलायचा, कारण नव्या घरातून सुटलेला कुत्रा जुन्या वाटेला लागू शकतो. आणि त्याला एकटं सोडायची सवय पाच मिनिटांपासून लावायची, एकदम दिवसभर नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत मी चारदा गेले. लिफ्टला त्याने सर्वांत जास्त वेळ घेतला. नुसतं आत पाऊल टाकून बाहेर येणं, दार उघडंच, असं आम्ही कितीदा केलं असेल. दोन दिवस तर तो दारातूनच परत फिरला आणि आम्हीही त्याच्याबरोबर जिन्याने उतरलो. पट्ट्याचं टोक दारात अडकू नये म्हणून पट्टा आखूड हातात धरायचा, हे साहेबांना मी प्रत्येक वेळी सांगितलं.

शेवटच्या भेटीला दार आजींनी उघडलं. अनवाणी होत्या. गाडीच्या चटया जाऊन आता तिथे रबरी तळाचा एकसलग पट्टा आला होता, दारापासून बोळातून थेट खिडकीपर्यंत. आजी भिंतीला हात न लावता त्यावरून चालत होत्या. बोळाच्या मध्यावर समोरून ब्रुनो आला. दोघं थांबली.

“मागे रे,” आजी म्हणाल्या.

ब्रुनोने मान खाली घातली आणि एकेक पाऊल मागे घेत खोलीपर्यंत गेला. आजी पुढे गेल्यावर तो परत बोळात आला आणि माझा हात हुंगू लागला.