हेल्मेटवर ओरखडाही नव्हता

"काका, आता चहा-पाणी घ्या. तुमचं ऑपरेशन आज होत नाही."

सिस्टर बाबांच्या खाटेपाशी येऊन एवढंच म्हणाल्या. हर्नियाची ही तारीख दीड महिन्यानं मिळालेली, बाबा रात्रीपासून उपाशी. मी चिडूनच कारण विचारलं.

"रात्री हायवेवरून तीन बाइकवाले आले. ऑपरेशन थिएटर त्यांनाच लागलं, रक्तही. डॉक्टर पहाटेपासून उभे आहेत." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा.

खाली अपघात विभागाबाहेर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. आत कात्रीनं कापलेली जीन्स, एकच बूट आणि हेल्मेट. नवंकोरं, साधा ओरखडाही नाही.

"आरशाला अडकवून चालवत होता," त्या पुटपुटल्या. मी शेजारी बसले. भांडायला निघालेली मी, तोंडून शब्द फुटेना.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, ४,४३,३६६ जखमी झाली. हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले. सरकारी आकडे आहेत. वाचलेला जखमी ऑपरेशन थिएटरमधून आयसीयूत जातो, मग अस्थिविभागात, मग महिनोन् महिने फिजिओथेरपीला. आणि ज्यांची तारीख पुढे ढकलली गेली, त्यांना कोण मोजतं?

बाबांना पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. रिक्षात बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या बाईंच्या मुलाला शुद्ध आली का, विचारलंस?"

विचारलं नव्हतं. उद्या जाऊन येते.