तिसरा झेंडा घेऊ नका: डॉमिनेशन आणि हार्डपॉइंटचं गणित

कॉल ऑफ ड्यूटी या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममध्ये डॉमिनेशन हा झेंडे ताब्यात ठेवायचा मोड आहे. तो हरलेल्या टीमचा स्कोअरबोर्ड एकदा नीट बघा. बऱ्याचदा लॉबीतले (म्हणजे त्या मॅचच्या सगळ्या खेळाडूंतले) सगळ्यात जास्त किल त्याच टीममधल्या कुणाच्या तरी नावावर असतात, आणि त्याच माणसाच्या कॅप्चरच्या, म्हणजे झेंडे घेतल्याच्या, रकान्यात शून्य असतं. पुढची मॅच लागेपर्यंत तो चॅटमध्ये बाकीच्या चौघांचा उद्धार करत बसतो. या मोडमध्ये किलला टीमच्या खात्यात एकही पॉइंट मिळत नाही. किलने मिळतो तो फक्त वेळ: मेलेला माणूस परत स्पॉन होऊन (जिवंत होऊन मॅपवर उगवून) झेंड्यापर्यंत येईस्तोवरचे काही सेकंद. त्या सेकंदांत काही केलं नाही तर तो किल फुकट गेला.

इथलं सगळं कॉल ऑफ ड्यूटीबद्दल आहे. आकडे पीसी-कन्सोलच्या नेहमीच्या नियमांचे आहेत, टीम मात्र पाच जणांची धरली आहे. मोबाइलवर जिंकायची मर्यादा कमी असते, पण हिशोब तोच.

डॉमिनेशनमध्ये ए, बी, सी असे तीन झेंडे, आणि 200 पॉइंट आधी करणारा जिंकतो. ताब्यातला प्रत्येक झेंडा दर 5 सेकंदांनी 1 पॉइंट देतो. म्हणजे एका झेंड्याचे मिनिटाला 12, दोनाचे 24, तिन्हींचे 36. दोन झेंडे सुरुवातीपासून धरून ठेवले तर 200 व्हायला 500 सेकंद लागतात, म्हणजे 8 मिनिटं 20 सेकंद. तेवढ्या वेळात समोरच्यांचे 100 होतात. मॅच आरामात खिशात. दोन झेंडे धरायचे आणि तिसऱ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, एवढ्यात काम होतं.

तरी प्रत्येक लॉबीत एक जण तिसऱ्याकडे धावतोच. तो धावला की काय होतं ते कळायला स्पॉन कसे ठरतात हे माहीत हवं.

तुम्ही मेल्यावर गेम तुम्हाला कुठे उभं करतो? तुमच्या टीमकडे कोणते झेंडे आहेत, शत्रू कुठे उभे आहेत, कुणाची नजर त्या जागेवर आहे, असं सगळं बघून तो जागा निवडतो. समोरच्यांकडे फक्त सी असेल तर ते बहुतेक वेळा सीच्या आसपासच उगवणार. त्यांचे येण्याचे रस्ते दोन किंवा तीन. तेवढ्यांवर नेम धरून बसलं की झालं. आता सीही घेतला, तर त्यांना घरच उरत नाही. गेम त्यांना मिळेल तिथे टाकतो, बऱ्याचदा तुमच्या पाठीशी, तुम्ही मोकळ्या सोडलेल्या एजवळ. दहा सेकंदांत तुमचा ए जातो, बीवरचे लोक पाठीत गोळ्या खातात, आणि तुम्ही मात्र सीवर उभे असता. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

हे आकड्यात मांडू. तिन्ही झेंडे अर्धा मिनिट राहिले तर तुमचे 18, त्यांचे शून्य. दोनच धरले असते तर 12 विरुद्ध 6, म्हणजे 6 ची आघाडी. तिसऱ्यामुळे 12 चा जास्तीचा फायदा झाला. पण स्पॉन उलटून पुढचं एक मिनिट तुमच्याकडे एकच झेंडा राहिला, तर 12 ने पुढे जाण्याऐवजी तुम्ही 12 ने मागे गेलात, म्हणजे 24 चा फटका. वजाबाकी करा. तिसरा झेंडा घ्यायला दोनच वेळा अर्थ आहे: मॅच संपत आली असून तुम्ही इतके मागे आहात की दोन झेंड्यांवर भागणारच नाही, किंवा समोरची टीम अर्धी सोडून गेली आहे.

झेंडा न घेताही स्पॉन उलटतो, ही चूक जास्त छुपी आहे. तुमच्यातले दोन-तीन जण किलच्या हव्यासाने शत्रूच्या स्पॉनमध्ये घुसले की गेमच्या दृष्टीने ती जागा धोक्याची होते, आणि तो पुढचा स्पॉन दुसरीकडे देतो. बीच्या थोडं पुढे एक अदृश्य रेषा आहे असं धरा आणि ती ओलांडू नका. मॅप पाठ झाला की ती रेषा कुठे आहे ते आपोआप कळायला लागतं.

न्यूकटाउन घेऊ, कारण तो सगळ्यांनी खेळलेला असतो. 2010 च्या ब्लॅक ऑप्समधून आलेला हा इवलासा मॅप: समोरासमोर दोन घरं, मध्ये रस्त्यावर बस आणि ट्रक. ए आणि सी घरांच्या मागच्या अंगणांत, बी रस्त्याच्या मधोमध. सुरुवातीला पाचही जण बीकडे पळतात आणि आपल्याच अंगणातला झेंडा तसाच राहतो. वाटणी अशी करा. एक जण एवर थांबून तो पूर्ण घेतो. एकट्याला साधारण 10 सेकंद लागतात, दोघे उभे राहिले तर वेळ जवळपास निम्मा होतो. पण या मॅपवर तो दुसरा माणूस बीसाठी हवा, म्हणून एवर एकच. एक जण वरच्या मजल्याच्या खिडकीत जातो. तिथून बी दिसतो आणि समोरची खिडकीही. दोघे बीकडे, त्यांतला एक आधी स्मोक (धुराचा ग्रेनेड) टाकतो. पाचवा बाजूने, कुंपणालगत, फ्लँक (बाजूने येणारा हल्ला) अडवायला.

स्मोकबद्दल सांगायचं तर तो झेंड्याच्या नेमका वर टाकू नका. झेंडा आणि समोरची खिडकी यांच्या मध्ये, शत्रूच्या बाजूला सरकवून टाका. वर टाकला तर तुम्हालाही काही दिसत नाही, आणि समोरचा नुसता धुरात अंदाजाने गोळ्या झाडतो. त्याला ठाऊक असतं की आत कुणीतरी आहेच. कॅप करताना, म्हणजे झेंडा घेताना, उभं राहू नका. झेंड्याच्या वर्तुळात कुठे आडोसा आहे ते बघा, त्याला टेकून बसा किंवा आडवे व्हा. वर्तुळाच्या मधोमध उभं राहायची काही गरज नसते, कडेला पाय आत असला तरी कॅप चालू राहतो.

आणखी एक खोड: आपला ए गेला की सगळे जीव तोडून तो परत घ्यायला धावतात. अहो, ए कुणाच्या बापाचा नाही. तुमच्याकडे बी आणि सी आले असतील तर आता सी तुमचं घर आणि ए त्यांचं. तोंड फिरवा आणि तीच रेषा उलट्या बाजूने आखा. सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे ए आणि सी तुमचे, बी त्यांचा. तेव्हा स्पॉन कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी एक टोक सोडून द्या आणि बी घ्या.

हार्डपॉइंटचा स्वभाव वेगळा. हा मोड 2012 च्या ब्लॅक ऑप्स 2 मध्ये आला. यात एका वेळी एकच जागा चालू असते. तिला कुणी हिल म्हणतं, कुणी पॉइंट. दर 60 सेकंदांनी ती जागा बदलते, आणि बहुतेक मॅपवर क्रम ठरलेला असतो. आत फक्त तुमची टीम असेल तर सेकंदाला 1 पॉइंट. दोन्ही टीमचे लोक आत असतील तर कुणालाच काही नाही. 250 ला मॅच संपते.

आत एक असो की पाच, सेकंदाला मिळतो 1 च पॉइंट. हे माहीत असूनही चौघे एकाच खोलीत कोंडून बसतात आणि एका मोलोटोव्हमध्ये (पेट्रोल बॉम्बमध्ये) चौघेही जातात. एकाने आत राहायचं, फार तर दोघांनी. बाकीच्यांनी बाहेर, शत्रू जिथून येतो त्या रस्त्यांवर. आतला मेला की सगळ्यात जवळच्याने आत शिरायचं, खो-खोसारखं. बाहेरच्याने बसल्या जागी आळस केला की तेवढे सेकंद गेले.

आता एका हिलचं मिनिट घड्याळ लावून बघू. पहिली 10 सेकंदं आत शिरण्याची. एकेकटं शिरू नका, दोघे दोन दारांनी एकदम. त्याआधी आतल्या कोपऱ्यांत स्टन (शत्रूला काही क्षण सुन्न करणारा ग्रेनेड) टाका. पुढची अर्धा मिनिटं धरून ठेवायची. आतल्याने ट्रॉफी सिस्टीम (येणारे ग्रेनेड हवेतच फोडणारं यंत्र) लावायची आणि ती नजरेआड, पलंग किंवा खोक्यामागे ठेवायची, कारण उघड्यावर ठेवली तर गोळी मारून फोडतात. ती मोजकेच ग्रेनेड अडवते, तेव्हा स्फोटाची इजा कमी करणारं फ्लॅक जॅकेट तरी अंगावर असू द्या. घड्याळात 20 सेकंद उरले की बाहेरच्यांतले दोघे पुढच्या हिलकडे निघतात. 10 उरले की तिसरा. आत शेवटपर्यंत एकच राहतो आणि उरलेले पॉइंट गोळा करतो. तो मेला तरी बिघडत नाही, उलट बऱ्याचदा नव्या हिलजवळच स्पॉन होतो, कारण त्याचे दोस्त तिथे आधीच पोचलेले असतात.

नवी हिल उघडल्यावर धावणं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. तोपर्यंत समोरचे आत बसलेले असतात, त्यांची ट्रॉफी लागलेली असते, आणि तुम्हाला पुढची वीस सेकंदं दार फोडण्यात घालवावी लागतात.

पुढे जाणाऱ्या दोघांतल्या एकाने हिलमध्ये न जाता तिच्या मागे उभं राहायचं. याला अँकर म्हणतात. त्याच्या जवळ तुमची टीम स्पॉन होत राहते आणि शत्रूचा स्पॉन लांब ढकलला जातो. काम कंटाळवाणं आहे, किल मिळत नाहीत, स्कोअरबोर्डवर नाव तळाला दिसतं. तरी मॅच बऱ्याचदा याच माणसामुळे जिंकली जाते, आणि शाबासकी मात्र हिलमध्ये बसलेल्याला मिळते.

हरत असलेल्या हिलचं काय करायचं, हा निर्णय बहुतेकांचा चुकतो. समोरचे आत पक्के बसलेत, 20 सेकंद उरलेत, तुमचे तिघे आत्ताच मेलेत. अशा वेळी एकेक करून आत शिरलात तर एकेक करून मराल आणि पुढच्या हिललाही उशीर होईल. ते 20 पॉइंट द्या आणि पाचही जण पुढे जा. पुढे पूर्ण 60 आहेत. अपवाद एकच: समोरच्यांना जिंकायला 20 किंवा त्याहून कमी पॉइंट हवे असतील तर सोडायची सोय नाही. तेव्हा किलची आशा सोडा, फक्त शरीर आत टाका. आडोशामागे आडवं पडून तीन सेकंद जगलात तर त्यांचे तीन पॉइंट अडले.

ब्लॅक ऑप्स 4 पासूनचा कंट्रोल हा मोड या दोघांच्या मधला. हल्ला करणाऱ्यांनी दोन जागा घ्यायच्या, बचाव करणाऱ्यांनी वाचवायच्या, प्रत्येक टीमला मिळून 30 जीव, तीन राउंड जिंकणारा जिंकला. इथे मात्र मरणं महाग. डॉमिनेशनच्या सवयीने झेंड्यावर उड्या टाकणारा एकटाच आठ-दहा जीव संपवतो.

कॉल कसे द्यावेत याबद्दल थोडं. “अरे तिकडून आला, तिकडून!” याचा कुणाला काही उपयोग नाही. जागा, संख्या, अवस्था, एवढंच बोला: “बीवर दोन, एक लो.” (लो म्हणजे त्याचा जीव थोडाच उरलाय.) मेल्यावर मारणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायच्या आत तो कुठे होता ते सांगा, कारण तीन सेकंदांनी ती माहिती शिळी होते. हार्डपॉइंटमध्ये एकाने घड्याळ वाचायचं काम घ्यावं आणि 20 उरले की फक्त “निघा” म्हणावं.

मोबाइलवर खेळत असाल तर ग्राफिक्स क्वालिटी खाली आणि फ्रेम रेट वर ठेवा. झेंड्याजवळची झटापट हाताच्या अंतरावर होते, तिथे झाडाची पानं सुंदर दिसून काही होत नाही. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा येतो. दाराबाहेरची पावलं ऐकून वळायचं असेल तर वायरचे बरे.

रँडम लोकांबरोबर एकटे खेळत असाल आणि कुणाचाच माइक चालू नसेल तर मिनिमॅपवर (स्क्रीनवरच्या छोट्या नकाशावर) मित्रांचे बाण बघत राहा. तिघांचे बाण एकाच खोलीत दिसले की तुमची गरज तिथे नाही. मागचा झेंडा किंवा पुढची हिल मोकळी असते, तिथे जाऊन उभे राहा.