चौकोनी भोकाचा बोल्ट

रविवारी सकाळी साडेदहाला काकांचा फोन आला. "गाडी गेटाबाहेर काढली आणि उभीच राहिली. रेस दिली की इंजिन ओरडतंय, पण चाक फिरत नाही. सकाळीच ऑइल बदललंय मी."

काका म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधले जुने फिटर. आयटीआय झाल्यावर मी अ‍ॅप्रेंटिस म्हणून तिथे लागलो तेव्हा वर्षभर त्यांच्याच हाताखाली होतो. पाना कसा धरायचा, बोल्ट सैल करताना अंगठा कुठे ठेवायचा, गाडीखाली शिरण्याआधी तिला टेकू दिलेली घोडी हलवून का बघायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. आता ते निवृत्त होऊन सातारला गोडोलीत राहतात. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना, म्हणून मुलाने त्यांना 2011 सालची होंडा सिटी घेऊन दिली, ऑटोमॅटिक. इंजिन ऑइल मात्र ते अजून घरीच बदलतात. ज्या माणसाने आयुष्यभर बसची इंजिनं उतरवली, त्याने साडेतीन लिटर तेलासाठी गॅरेजला का यावं?

मी विचारलं, "काका, ड्रेन बोल्टला कितीचा पाना लावलात?"

"पाना नाही लागला. बोल्टाला मध्ये चौकोनी भोक आहे, रॅचेटचा चौकोनच सरळ आत बसला."

माझ्या पोटात गोळा आला. त्या गाडीच्या इंजिनाचा ड्रेन बोल्ट षटकोनी डोक्याचा, त्याला 17 चा पाना लागतो. रॅचेटचा, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याचा, 3/8 इंची चौकोन थेट बसतो तो बोल्ट गिअरबॉक्सचा. काकांनी इंजिन ऑइल म्हणून गिअर ऑइल सोडलं होतं आणि जुनं तेल जसंच्या तसं असलेल्या इंजिनात वरून नवीन साडेतीन लिटर ओतलं होतं.

"काका, चावी काढून ठेवा. आता स्टार्ट करू नका. मी निघालो."

वाटेत गॅरेजवर थांबून एटीएफचे, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे डबे घेतले, इंजिन ऑइल, फिल्टर, दोन्ही बोल्टांचे वॉशर घेतले. डोक्यात एकच हिशेब चालू होता, इंजिन किती वेळ चाललं असेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचं काम वंगणापुरतं नसतं. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे जाते ती तेलातूनच, आणि आतले क्लच दाबून धरतो तो तेलाचाच दाब. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, दाब उतरतो आणि क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घसरायला लागतात. त्या अवस्थेत रेस देत राहिलं की प्लेटा जळतात. इकडे इंजिनात तेल दुप्पट झालेलं, तिथे क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, तेलात बुडून ते घुसळतो. फेस होतो, आणि फेसाला धड दाब नसतो. दोन्हीकडे वेळच महत्त्वाचा.

पोचलो तेव्हा गाडी गेटापासून पन्नासेक पावलांवर रस्त्याच्या कडेला. काका शेजारी उभे, हात पुसायचं फडकं घट्ट पिळत. इंजिन किती वेळ चाललं असं विचारल्यावर म्हणाले, "दोन-तीन मिनिटं. रेस दिली ती दोनदाच. हलेना म्हटल्यावर बंदच केली." तिथे माझा जीव निम्मा भांड्यात पडला. मशीन नेहमीपेक्षा वेगळं वागलं की हात आखडता घ्यायचा, ही त्यांचीच सवय आणि त्यांचीच शिकवण.

न्यूट्रलला टाकून गाडी आम्ही दोघांनी आणि शेजारच्या दोन पोरांनी ढकलत आत आणली. चूक झालीय हे ज्यांच्याकडून धंदा शिकलो त्यांना तोंडावर सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी म्हटलं, "काका, काढलेलं तेल कुठाय?"

ते होतं. वर्कशॉपमध्ये त्यांचा नियमच होता, निघालेलं तेल मापल्याशिवाय टाकायचं नाही. कमी निघालं तर कुठे गेलं ते शोधायचं, जास्त निघालं तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरलंय का ते बघायचं. त्या दिवशी तेल काळ्या ट्रेमधून कॅनमध्ये ओतून ठेवलं होतं, मापायचं फक्त राहिलं होतं. मी मापाचं भांडं त्यांच्या हातात दिलं. अडीच लिटरच्या आतच भरलं. काकांनी भांडं उजेडात धरलं, परत एकदा खुणा बघितल्या.

मग मी कालच्या पेपरच्या कोऱ्या समासावर त्यातले दोन थेंब टाकले, आणि शेजारी इंजिनाच्या डिपस्टिकवरचे, म्हणजे तेलाची पातळी बघायच्या पट्टीवरचे दोन. इंजिनाचा थेंब काळा, जागच्या जागी बसला. दुसरा पातळ होता, झरझर पसरला आणि कडेला विटकरी लाल कड उमटली. ट्रे काळा, तेल जुनं, त्यामुळे सोडताना हा रंग दिसायचा प्रश्नच नव्हता. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या भोकाच्या कितीतरी वर चढलेलं. एरवी काकांनी ती लगेच ओढली असती, पण अंगणाला उतार आहे म्हणून गाडी सपाटीवर नेऊन बघू असं त्यांनी ठरवलं होतं. फिल्टर गेल्या खेपेला बदललेला, म्हणून या वेळी त्याला हात लावला नव्हता.

काका पेपरकडे बघत राहिले. "गिअरचं सोडलं मी," एवढंच म्हणाले. मग बाह्या वर सारल्या. "चल, घोड्या लाव."

आधी इंजिन रिकामं केलं. 17 चा बोल्ट काढल्यावर सात लिटरच्या जवळपास तेल आलं. फिल्टर नवा लावला, तेल मापून भरलं.

मग गिअरबॉक्स. चौकोनी भोकाचा तो बोल्ट मी परत काढला, कारण मला त्याच्या टोकाचं चुंबक बघायचं होतं. या बोल्टाला चुंबक असतं, झिजलेल्या लोखंडाची पूड त्याला चिकटते. काका म्हणाले, सकाळी त्यांनी ते पुसूनच लावलं होतं, आणि कोपऱ्यातलं फडकं आणून दाखवलं. काजळासारखी मऊ, राखाडी पूड. दोन बोटांत चोळली, कुठेही खर लागली नाही. कपच्या किंवा टोचणारे कण असते तर गोष्ट वेगळी होती. तेलाचा वास घेतला, जळकट नव्हता. बोल्टावर आता टोकाला जराशी पुसट कड होती, तेवढीच.

नवा वॉशर घालून बोल्ट टॉर्क पान्याने 49 न्यूटन-मीटरला कसला. सकाळी काकांनी जुन्याच वॉशरवर अंदाजाने आवळला होता. बसच्या बोल्टांना सरावलेला तो हात अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगला जड पडतो. आटे गेले असते तर मोठं काम निघालं असतं.

भरायचं ते डिपस्टिकच्याच भोकातून, लांब नळीच्या नरसाळ्याने. यात डीडब्ल्यू-1 हे एटीएफ चालतं. याच नावाच्या सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांचं तेल वेगळं असतं, म्हणून डबा उघडण्याआधी काकांना त्यावरचं नाव मोठ्याने वाचायला लावलं. जेवढं निघालं तेवढंच मापून ओतलं. मग पाय ब्रेकवर ठेवून पी, आर, एन, डी असा प्रत्येक जागी थोडा थोडा थांबत लिव्हर फिरवला. डीला टाकल्यावर गाडी ब्रेकवर किंचित पुढे ओढली. काकांनी माझा खांदा दाबला.

लेव्हल बघायची या गाडीची रीत निराळी आहे. पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बघतात. इथे रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत गरम करायचं, सपाटीवर बंद करायचं, आणि 60 सेकंदांनंतर, पण 90 च्या आत बघायचं. काका मनगटी घड्याळ घेऊन बॉनेटशी उभे राहिले. "पंचावन्न... साठ. ओढ." पुसली, परत घातली, ओढली. दोन खुणांच्या मधोमध.

बॉम्बे रेस्टॉरंटच्या चौकापर्यंत जाऊन आलो, काकाच चालवत होते. पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येक गिअर गुपचूप पडत गेला, एकही झटका नाही. परत आल्यावर मी विचारलं, आता उघडलंच आहे तर अजून एकदा बदलायचं का? एकूण तेल सहा लिटरच्या आसपास, एका वेळी निघतं अडीच, म्हणजे पहिल्या खेपेला जेमतेम 40 टक्के नवं होतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांत अडकून राहतं. मशीन लावून एकदम धुऊन काढण्यापेक्षा हे असं तीन वेळा करणं मला जास्त पटतं. काका लगेच म्हणाले, "कर." दुसऱ्या वेळी निघालेलं तेल उजेडात लालसर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना पुण्याला जायचं होतं, मुलाकडे. येताना खंबाटकीचा घाट. सकाळी गाडी गेटाबाहेर अडली नसती, तशीच कशीबशी चालत राहिली असती, तर त्या चढावर गिअरबॉक्सचं काय झालं असतं, ते मी बोललो नाही. त्यांना कळत होतं.

हात धुऊन चहाला बसलो, तर काका दिसेनात. अंगणात जाऊन बघितलं तर पाय गाडीखालून बाहेर. शेजारी पांढऱ्या ऑइलपेंटचा छोटा डबा. 17 च्या बोल्टाशेजारी त्यांनी 'इं' लिहिलं होतं आणि चौकोनी भोकाच्या बोल्टाशेजारी 'गि', वर्कशॉपमधल्या रॅकवर लिहायचे त्याच वळणाच्या अक्षरात.

"हजार किलोमीटर झाले की तिसरी खेप," खालूनच म्हणाले. "ती मी करणार. तू ये आणि घड्याळ धर."