प्रयोगशाळेतले मामा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. आमच्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, त्यांनी लिहावं. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. "सरळ उभे राहा, हलू नका, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" हे माझं एकमेव भाषण, ते मात्र हजारो वेळा केलं. पण मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो आणि बेत बदलला. माझ्या नावावर एक जुना गुन्हा आहे, तो कबूल करायला याहून बरी जागा मिळणार नाही.

१९८४ साली मी नववीत होतो. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, बेडकाच्या बरणीशेजारी एक लाकडी पेटी असायची. तिच्यात कापसावर ठेवलेली कवटी. खरी, माणसाची. रंग जुन्या पिवळट कागदासारखा. आमच्या आधीच्या कुठल्या तरी बॅचने तिचं नाव 'मामा' ठेवलं होतं आणि पेटीच्या झाकणावर ते कर्कटकाने कोरलंही होतं. शास्त्राचे सर चिडायचे, पण वर्गावर येताना स्वतःच म्हणायचे, "जा रे, मामांना घेऊन ये."

सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कवटीत हाडं किती?" आम्ही सगळे एका सुरात, "एक!" मग सर खालचा जबडा धरून हलवायचे. दोन्ही बाजूंना स्प्रिंगा लावलेल्या होत्या, त्यामुळे मामा बोलल्यासारखे वाटायचे. "हे एक. हलणारं एवढंच. आता बाकीची मोज." बाकीची एकवीस. मेंदूभोवती आठ, चेहऱ्याची चौदा, मिळून बावीस. कानातली चिमुकली सहा यात धरायची नाहीत, हेही सर बजावायचे. त्यांतलं रिकिबीसारखं हाड जेमतेम तीन मिलिमीटरचं, ते दाखवता यायचं नाही म्हणून सर नखावर पेन्सिलीने ठिपका काढायचे.

मोजायची कशी, तर डोळे मिटून. सर प्रत्येकाचं बोट धरून कवटीवरच्या शिवणींवरून फिरवायचे. कपाळाच्या मागे कानापासून कानापर्यंत एक आडवी. तिच्या मधोमधून मागे जाणारी दुसरी. ती मागे जिथे फुटून दोन फाटे होतात, तिथून खाली मानेकडचं हाड सुरू. "शिवण नागमोडी असते," सर म्हणायचे, "गोधडीच्या टाक्यासारखी, या हाडाचे दात त्या हाडात. भेग अशी नसते. भेग सरळ पळते." हे वाक्य मला पुढे पगार देणार आहे, हे तेव्हा काय माहीत!

पुढच्या दोन शिवणी जिथे भेटतात ती टाळूची जागा. आमच्या वर्गातल्या एकाच्या घरी तेव्हा तान्हं बाळ होतं. त्याची आजी टाळूवर तेल थापायची आणि तिथलं लपलप उडणं बघून हा घाबरायचा. सरांनी सांगितलं, बाळंतपणात डोकं वाटेतून निघावं म्हणून ही हाडं एकमेकांवर सरकू शकतात, जोडणी नंतर होते, पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. मग कुणीतरी शंका काढली, की मराठीच्या बाई तर टाळू तोंडात असते म्हणतात. च, छ, ज, झ तालव्य! सरांना असला प्रश्न फार आवडायचा. त्यांनी मामांना उलटं केलं आणि वरच्या दातांमागचं छत दाखवलं. त्यातही शिवणी. पुढचा भाग वरच्या जबड्याच्या हाडांचा, मागचा दोन वेगळ्या हाडांचा. "च म्हण. जीभ कुठे लागली?" अख्खा वर्ग पाच मिनिटं च-च करत बसला. शेजारच्या वर्गातून गुरुजी बघायला आले, पाल शिरली का म्हणून.

कवटीचा वरचा भाग करवतीने गोल कापलेला होता आणि पितळी आकड्यांनी डब्याच्या झाकणासारखा बसायचा. झाकण काढलं की आतून खरी गंमत. तळाशी मोठं भोक, त्यातून मज्जारज्जू खाली जातो. मधोमध घोड्याच्या खोगिरासारखा खळगा, त्यात वाटाण्याएवढी ग्रंथी बसते. नाकाच्या छपरावर चाळणीसारखी भोकं, वासाच्या तंतूंची. आणि कानशिलाच्या आतल्या बाजूला वाळलेल्या ओहोळासारखे, फाटे फुटत वर गेलेले चर. रोहिणीचे ठसे ते. कानशिलावर चार हाडं जिथे एकत्र येतात तिथे कवटी पातळ, आणि नेमकी त्याच्याच आतून ही रोहिणी जाते. देवाने इथे काटकसर केली, असं सरांचं मत.

आता गुन्हा. सहामाहीच्या आधीची गोष्ट. तास संपल्यावर मामांना कपाटात ठेवायचं काम माझ्याकडे आणि माझ्या बाकावरच्या मित्राकडे होतं. आम्ही त्यांचा जबडा हलवून प्रार्थनेनंतरच्या सूचना त्यांच्या तोंडून देत होतो. कवटी हातातून निसटली. मी झेलली, पण टेबलाच्या कडेला लागल्यावर. डोळ्याच्या बाहेरून कानाकडे जाते ती गालाच्या हाडाची कमान, डाव्या बाजूची, टचकन तुटली. बोटाच्या पेराएवढा तुकडा फरशीवर. गंमत म्हणजे कमानीच्या मधे पुढचं गालाचं हाड आणि मागचं कानशिलाचं हाड यांची तिरकी शिवण असते, ती जशीच्या तशी राहिली. मोडलं ते तिच्या मागे. क्राफ्टच्या तासाचा फेव्हिकॉल आणला आणि तुकडा लावून अंगठ्याने दाबून बसलो. पाचची एसटी गेली, सहाची पकडली. पेटीत ठेवताना डावी बाजू कापसात खाली केली. सरांना कळलं की नाही, देव जाणे. विचारायची हिंमत झाली नाही, आणि आता सर नाहीत.

तेव्हा वाटायचं, एवढी बारीक काडी तिथे हवी कशाला? ती का आहे ते स्वतःवर बघा. कानशिलावर बोटं ठेवून दात आवळा. फुगतो तो चावण्याचा स्नायू, त्या कमानीच्या आतून खाली उतरून खालच्या जबड्याला धरतो. कमान आत दबली की स्नायू अडकतो, तोंड उघडत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या दवाखान्यात नोकरी केल्यावर असे चेहरे किती बघितले! कमानीसाठी एक खास एक्स-रे असतो. मानेला मार नाही याची खात्री करून घ्यायची, रोग्याचं डोकं मागे लटकवायचं, हनुवटीखालून किरण सोडायचे. फिल्मवर दोन्ही बाजूंना दोन कमानी दिसतात, अगदी किटलीच्या कानासारख्या. आता सीटी स्कॅनमुळे हा प्रकार मागे पडला. पण डार्करूममध्ये हायपोतून, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनातून, काढलेल्या ओल्या फिल्मवर डावा कान मोडलेला दिसला की दर वेळी मला फेव्हिकॉलचा वास यायचा.

आणि एकदा आंब्यावरून पडलेला एक पोरगा आला. चालत आला, आईशी भांडत होता, चहा मागत होता. फिल्म काढली, लाइटसमोर धरली. कानशिलापाशी एक रेघ. शिवण नव्हे, टाके नव्हते. रोहिणीचा चरही नव्हे, चर कडेला पुसट होत जातो. ही रेघ काळीभोर, सरळ, आणि त्या चराला आडवी छेदून गेलेली. निदान करणं माझं काम नाही, पण ओली फिल्म तशीच घेऊन डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी लगेच गाडी काढायला लावली. गाडीत चढवतानाच पोराला झापड येऊ लागली होती. मोठ्या दवाखान्यात कवटी उघडून रक्ताची गाठ काढली. पुढे तो पोरगा आमच्याच शाळेतून दहावी झाला.

मागच्या महिन्यात शाळेतल्या आताच्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं. खालच्या फळीवर प्लास्टिकची नवी कवटी, २२ रंगांची. २०२१ च्या पुरात ती पाण्यावर तरंगत होती म्हणे, चिखल धुऊन परत ठेवली. मामा वरच्या फळीवर कोरडेच राहिले. पेटी खिडकीपाशी नेली. फेव्हिकॉल तपकिरी पडलाय, पण तुकडा जागेवर आहे. अंगठ्याने दाबला, हलला नाही.

मग उजेडात नीट बघितलं आणि हात थांबला. कपाळ सरळ, उभं. भुवयांवरचा उंचवटा जवळजवळ नाहीच. कानामागचं टेंगूळ छोटं. अक्कलदाढा वर आलेल्या नाहीत. शिवणी कुठेही पुसलेल्या नाहीत. कोर्टात छातीवर हात ठेवून सांगण्याएवढा मी तज्ज्ञ नाही, पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांशेजारी पुष्कळ वर्षं उभा राहिलोय. हे मामा नव्हते. बहुतेक विशीच्या आतबाहेरची एखादी मुलगी होती. पेटीवर गावाचं नाव नाही, पावती नाही. १९८५ मध्ये सरकारने बंदी घातली तोवर कलकत्त्याहून माणसांचे सांगाडे पेट्या भरभरून परदेशी जात होते. ही त्यातल्याच कुठल्या वाटेने कोकणात उतरली की कशी, कोण सांगणार? आणि आम्ही तिच्या तोंडून सूचना देत होतो.

बाई झाकण लावायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, जरा हळू. डावी बाजू नाजूक आहे."

"तुम्हाला काय माहीत?" बाईंनी विचारलं.

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही.