झऱ्याची उधारी

आषाढात महाबळेश्वर-पाचगणीच्या कड्यांवरून पाणी इतक्या ठिकाणी कोसळतं की त्यातला झरा कोणता, हे सांगता येत नाही. ते वैशाखात कळतं. दगडाच्या कपारीतून करंगळीएवढी धार, खाली शेवाळ, बाजूला नेचा, आणि धारेला लावलेला हंडा.

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांतच. माथ्यावर जांभा. तो भोकाभोकांचा, पाणी पिणारा. त्याच्या बुडाशी चिकणमाती, तिच्याखाली काळा कातळ. मुरलेलं पाणी चिकणमातीवर अडतं आणि थर जिकडे कललाय तिकडे सरकत कड्यात फुटतं. म्हणूनच झरे बरेचदा एका उंचीवर ओळीनं सापडतात.

मेघालयातल्या चुनखडीचा कारभार वेगळा. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आंबट होतं, दगड विरघळवतं. भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा. जोराचा पाऊस झाला की झरा काही तासांत फुगतो, गढुळतो आणि लगेच उतरतो. मागे राहते ती बारीक भेगांतली चिवट धार. गंमत म्हणजे फुगवट्यातलं पहिलं पाणी बरेचदा जुनंच असतं. भरलेल्या पाइपाचा नळ सोडला की आधी पाइपातलंच पाणी येतं, तसं.

आपल्या जांभ्यातही नळ्या-पोकळ्या असतात. तेव्हा झऱ्याचा स्वभाव मोजूनच ठरवावा. १० लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. दसऱ्यापासून दर पंधरवड्याला मोजा. आधी धार भराभर घटते, मग घट मंदावते. मंदावली की समजावं, पोकळ्या रित्या झाल्या. पुढची उधारी बारीक भेगा फेडणार.

धार वाढवायला तोंडाशी सुरुंग लावणं हा शुद्ध अडाणीपणा. चिकणमातीचा थर तडकला की पाणी खालच्या भेगांत उतरतं, मग कुंड कितीही छान बांधा. टाकीतही गोम असते. बाहेर जाणारा पाइप झऱ्याच्या तोंडापेक्षा वर बसवला, तर साठलेलं पाणी उलटा दाब देतं आणि झरा दुसरी वाट धरतो. पाइप खालीच हवा.

जोराच्या सरीनंतर दोन-तीन तासांत पाणी गढुळलं, तर वरच्या पठारावर गुरं कुठं बसतात, शोषखड्डा कुठं आहे, ते बघून यावं. तोवर पाणी उकळूनच प्यावं.